बाप-लेकातले निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलंय, काय करू?

सायली_लिहिते
मुलगा पंधरा वर्षांचा आहे. हल्ली नवरा आणि मुलगा एकमेकांशी थेट बोलतच नाहीत, भांडण वगैरे काही नाही हां, पण इकडून "आई, बाबांना विचार ना शनिवारी मित्राकडे राहू का" आणि तिकडून "त्याला सांग आता मोबाईल ठेव", एकाच घरात राहून सगळे निरोप माझ्यामार्फत. थेट बोलले तर अभ्यास, मार्क आणि मोबाईल, आणि त्यातही लगेच आवाज चढतो आणि याच्या खोलीचं दार बंद. लहानपणी सतत बाबांच्या अंगाखांद्यावर असायचा, आता ह्यांनी पाठीवर हात ठेवला तर अंग चोरतो, मग ह्यांचा चेहरा पडतो. ह्यांचा जीव आहे हो पोरावर, रात्री तो झोपल्यावर पांघरूण नीट करून येतात, पण बोलून दाखवणं जमत नाही, त्यांच्या वडिलांनीही कधी जवळ घेतलेलं नाही. मी मध्ये राहू की बाजूला होऊ? बाजूला झाले तर आहे तेवढंही बोलणं बंद पडेल याची भीती वाटते.

दोन_मुलांचा_बाबा
बाजूला व्हा, पण एकदम नको. आधी साध्या गोष्टी सोडा, मित्राकडे जाणं, चार्जर आणणं, असल्या प्रश्नावर "बाबांनाच विचार" एवढंच म्हणायचं आणि खरंच गप्प बसायचं. नवऱ्याला आधी सांगून ठेवा की तो विचारायला आला की पहिलं उत्तर शक्यतो "हो" किंवा "बघू, कधी जायचंय?" असं असू दे, कारण पहिल्याच वेळी लेक्चर मिळालं तर तो परत तुमच्याकडेच येणार. आणखी एक, कौतुकाचा निरोपही पोचवू नका. "बाबा तुझं कौतुक करत होते" हे तुम्ही सांगितलंत की ते तुमचं होतं, त्याला ते बापाच्या तोंडून ऐकायचं असतं.
समोर बसवून "बोल, काय चाललंय तुझं" हे या वयात चालत नाही. शेजारी शेजारी असताना बोलणं निघतं, गाडीत, चालताना, सायकलची चेन बसवताना. नजर दुसरीकडे असते, हाताला काम असतं, गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही.

समुपदेशक_ताई
मी शाळेतल्या मुलांसोबत काम करते. अंग चोरलं म्हणजे बाप नकोसा झाला असं नाही, शरीर बदलत असतं आणि त्याला स्वतःची हद्द आखायची असते. मित्रांसमोर तर अजिबात जवळ घेऊ नये, पण जाता जाता खांद्यावर एक थाप, जिंकल्यावर टाळी, हे बहुतेक मुलांना चालतं. मिठी मारायची असेल तर "मारू का?" विचारावं आणि नाही म्हणाला तर खरंच सोडून द्यावं.
वेळेचंही बघा. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन (झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक) रात्री उशिरा वाढायला लागतं, म्हणून ही मुलं सकाळी तिरसट आणि रात्री गप्पिष्ट असतात. बाबा थोडे उशिरापर्यंत जागे राहिले तर बोलायची संधी मिळेल, फक्त रोज नको, त्यालाही ८ ते १० तास झोप लागते. आणि रागावर लगाम ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, त्यामुळे आवाज चढलेला असताना समजावणं फुकट जातं, अर्ध्या तासाने बोला.
एक मात्र गंभीरपणे सांगते. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं. दोन आठवडे सलग झोप, भूक बिघडली, मित्र सोडले, आवडता खेळ सोडला तर "वयच असं आहे" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. जगायचं नाही असं काही बोलला तर त्याच दिवशी, आणि तोपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

नुकताच_विशीत
मुलाच्या बाजूने सांगतो. बाबांनी जवळीक करायची म्हणून ओढूनताणून माझ्या गेममध्ये इंटरेस्ट दाखवला ना, तर ते लगेच कळतं आणि अजून ऑकवर्ड होतं. माझे बाबा मेसेज करायला लागले त्याचा फरक पडला, एखादा मॅचचा व्हिडिओ, खाली "काय कॅच आहे" एवढंच, अभ्यासाचं एक अक्षर नाही. समोरासमोर जे बोलता यायचं नाही ते आम्ही दोघं टाईप करायचो. आणि एकदा खूप ओरडल्यावर स्वतः खोलीत येऊन सॉरी म्हणाले, ते मी विसरणार नाही.

सायली_लिहिते
सगळ्यांचे मनापासून आभार. हे ह्यांना वाचून दाखवलं, मेसेजचं लगेच पटलं. सॉरीवर अडलेत, म्हणतात बापानेच सॉरी म्हटलं तर उद्या मोबाईलचा नियम कोण पाळेल?

दोन_मुलांचा_बाबा
सॉरी ओरडण्याबद्दल म्हणायचं, नियमाबद्दल नाही. "मी ओरडलो ते चुकलं, पण मोबाईल रात्री बाहेरच राहणार" असं एका दमात सांगता येतं, फक्त त्यापुढे "पण तू पण..." जोडायचं नाही, नाहीतर भांडण परत पहिल्यापासून सुरू.