तांब्याचा पत्रा हाताने कोरताना वळणदार रेषेची कड खराब होते: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. छापचित्रांच्या कामात माझा हात एचिंगवर, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेषा खोदण्याच्या पद्धतीवर, बसलेला आहे. आम्ल न वापरता केवळ ब्युरिन या पोलादी कोरणीने तांब्याचा पत्रा कोरण्याचा सराव मात्र अलीकडेच घरी सुरू केला आहे. सरळ रेषा आता स्वच्छ येतात, अडचण वळणावर आहे. पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवून, हत्याराचा हात स्थिर धरून डाव्या हाताने पत्राच फिरवतो. तरीही भिंगातून पाहिल्यास वळणाची आतली कड तुकतुकीत आणि बाहेरची चेचल्यासारखी दिसते. स्क्रेपरने कड तासून, घोटूनही ती सुधारत नाही. शाई भरून पत्रा पुसला की तेथे रेषेला राखाडी झालर राहते आणि ठसा ड्रायपॉइंटसारखा, म्हणजे टोकदार सुईने ओरखडून काढलेल्या चित्रासारखा, उतरतो. ड्रायपॉइंटमध्ये तो मऊपणा मुद्दाम हवा असतो, येथे नको आहे.

माझा संशय हत्याराच्या टाचेवर, म्हणजे टोकालगतच्या खालच्या घासलेल्या भागावर, आहे. ब्युरिन चौरस छेदाचे असून तोंड 45 अंशांत घासलेले आहे आणि खालच्या दोन्ही बाजूंना किंचित उचल देऊन टाच काढलेली आहे. टाच लांब असली की वळताना ती मागून घासत येऊन बाहेरची कड दाबते, हे पटते; परंतु ती आखूड केल्यावर सरळ रेषेत हत्यार डगमगू लागते. मग वळणांसाठी वेगळे ब्युरिन ठेवणे हाच मार्ग आहे, की एकाच हत्यारावर दोन्ही साधते? कोन धरणारे यंत्र न वापरता तेलाच्या दगडावर हाताने धार लावणाऱ्यांचे मत विशेष हवे आहे.

दुसरा प्रश्न पत्र्याचा. बाजारात 16 गेजचा पत्रा कधी कडक मिळतो, कधी मऊ. तापवून मऊ केलेले तांबे ब्युरिनखाली कापले जाण्याऐवजी ओढले जाते. तांबट आळीत मठारकामाने, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी, भांडे कडक होते, त्याच न्यायाने मऊ पत्रा सपाट ऐरणीवर ठोकून घेता येईल का? की ठोक्यांच्या खुणा घासून काढता काढता पत्राच कमीजास्त जाडीचा होईल? मला तरी दुसरीच शक्यता अधिक वाटते.

भांड्यांवर नावे घालणाऱ्यांकडून शीक, असा सल्ला मिळाला होता. त्या कामात ठोके देत रेषा उमटवतात, धातू दबून बाजूला सरतो. ब्युरिनने तो कीस होऊन बाहेर निघावा लागतो, त्यामुळे तेथे फारसे हाती लागले नाही. तसा हा हात आपल्या भागाला परका नाही. 1805 साली मिरजेत कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली होती.

पुणे परिसरात कोणी ब्युरिनने काम करत असल्यास कृपया येथे कळवावे. हत्यार, पत्रा आणि बिघडलेल्या वळणांचा ठसा घेऊन मी सोयीच्या वेळी येईन. टाच भिंगाखाली प्रत्यक्ष पाहून कोणी दोष दाखवला, तर फार उपकार होतील.