मदत हवी आहे: थेवेनिनचं उत्तर ०.४५ येतंय, पुस्तकात ०.५ (पेपर उद्या!)

उद्या_पेपर, नागपूर (रात्री ८.१०)
डिप्लोमाचा पेपर आहे उद्या सकाळी. दीड तास झाला एकाच गणितावर अडकून बसलोय. १२ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टन्स ३, ६, १२, ४ आणि ५ ओहम. ५ मधला करंट थेवेनिनने काढायचा, म्हणजे ५ सोडून बाकीच्या सगळ्या सर्किटऐवजी एक बॅटरी आणि एक रेझिस्टन्स धरून. मला ०.४५ अँपिअर येऊन राहिला, पुस्तकात ०.५ आहे. चारदा केलं, चारही वेळा तेच. पुस्तक चुकलंय का? लवकर सांगा कोणीतरी.

सोल्डरगन (८.१६)
आकृती कुठाय बे? कोण कोणाला जोडलंय ते न सांगता पाच आकडे दिले. ही काय लॉटरी आहे?

उद्या_पेपर (८.१७)
फोटो चढूनच नाही राहिला. नेहमीचंच सर्किट आहे, सगळ्यांना माहीत असतं ते.

कूलर_काकू (८.२१)
इथे बॅटरीवाले लोक दिसले म्हणून विचारते. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते, पण लाइट गेल्यावर कूलर लावला की लगेच १२.१ वर येते. बॅटरी गेली का? मे महिना आहे, कूलरशिवाय कसं जमणार?

तर्रीवाला (८.२४)
नेहमीचं म्हणजे व्हीटस्टन ब्रिज असणार. मधला रेझिस्टर ५ चा?

उद्या_पेपर (८.२५)
हो, तोच! प्लसपासून डावीकडे ३ मग ६, उजवीकडे १२ मग ४, खाली दोन्ही मायनसला. मधे आडवा ५.

तर्रीवाला (८.३३)
मग थेवेनिन सोड, डेल्टा-स्टार लाव, म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या तीन रेझिस्टरच्या जागी एका बिंदूत मिळणारे तीन. वरचा ३-१२-५ चा डेल्टा मोडला की १.८, ०.७५ आणि ३ चा स्टार. आता ६.७५ आणि ७ पॅरलल, म्हणजे ३.४४. त्यात १.८ मिळवले की ५.२४. १२ भागिले ५.२४ = २.२९ अँपिअर. विषय संपला. मी डिप्लोमा, डिग्री दोन्ही याच्यावर काढली.

निवांत_मास्तर (८.३६)
हा बॅटरीतून निघणारा करंट झाला. पोराने ५ मधला विचारलाय, आणि तुमच्या स्टारमध्ये तो ५ शिल्लकच नाही.

तर्रीवाला (८.३८)
दोन्ही टोकांचे व्होल्टेज काढायचे की! डावीकडे ७, उजवीकडे ४.५, फरक २.५, भागिले ५, आला ०.५. म्हणजे पुस्तक बरोबर.

झिरोमाईल (८.४१)
थेवेनिन हा फ्रान्सच्या तार खात्यातला इंजिनिअर. १८८३ मध्ये त्याने हे मांडलं. आमच्या वेळी सर आधी माणूस सांगायचे, मग सूत्र.

सोल्डरगन (८.४४)
हेच हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये, तीस वर्षं आधी लिहून ठेवलंय. आणि व्हीटस्टन ब्रिजसुद्धा व्हीटस्टनचा नाही, १८३३ मध्ये क्रिस्टीने काढला. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं.

उद्या_पेपर (८.४५)
इतिहासाचा पेपर नाही हो उद्या.

निवांत_मास्तर (८.४७)
५ काढून टाकल्यावर तिथला व्होल्टेज किती आला? आणि रेझिस्टन्स कसा काढलास? पायऱ्या लिही, नुसतं उत्तर नको.

उद्या_पेपर (८.५१)
व्होल्टेज: डावीकडे ८, उजवीकडे ३, फरक ५. रेझिस्टन्ससाठी बॅटरी काढली. मग ३ आणि १२ सिरीज १५, ६ आणि ४ सिरीज १०. १५ आणि १० पॅरलल ६. मग ५ भागिले ११.

निवांत_मास्तर (८.५६)
सापडलं. बॅटरी काढून तू ती जागा उघडी ठेवलीस. तिथे तार टाकायची. आदर्श बॅटरी कितीही करंट गेला तरी आपले १२ व्होल्ट सोडत नाही, म्हणजे तिचा स्वतःचा रेझिस्टन्स शून्य. ते १२ शून्यावर आणले की उरते ती साधी तार. उघडी जागा करंट सोर्सला, म्हणजे ठरलेला करंट देणाऱ्याला ठेवतात.
आता प्लस आणि मायनस एकच बिंदू झाले. त्यामुळे ३ आणि ६ पॅरलल, २ ओहम. १२ आणि ४ पॅरलल, ३ ओहम. हे दोन सिरीजमध्ये, ५. करंट ५ भागिले (५ + ५).

उद्या_पेपर (८.५८)
०.५!!! आईशप्पथ. चारदा तीच चूक करून राहिलो होतो.

सोल्डरगन (९.०३)
हे कागदावर ठीक आहे. पण कोणी खऱ्या बॅटरीच्या टोकांवर तार टाकू नका रे, गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. टेबलावर बॅटरी पूर्ण बाजूला काढायची आणि मोकळ्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. खरं म्हणजे हे सर्किट एकदा ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या भोकांच्या पाटीवर) लावून बघ, जन्मभर विसरणार नाहीस.

तर्रीवाला (९.०५)
हो, लावू दे. ३ ओहममध्ये १.६७ अँपिअर म्हणजे आठ वॅटच्या वर. पाव वॅटचा रेझिस्टर धूर काढेल, हॉस्टेलचा वॉर्डन पळत येईल.

सोल्डरगन (९.१०)
ओहमच्या जागी किलोओहम घे ना भाऊ. व्होल्टेज तेच राहतात, करंट मिलिअँपिअरमध्ये येतो. बर्डीच्या बाजारातून १२ किलोओहमचे दहा रेझिस्टर आण: चार पॅरलल म्हणजे ३, तीन म्हणजे ४, दोन म्हणजे ६, आणि एक तसाच. मधल्या ५ साठी १० चे दोन पॅरलल. ते दोन काढून मीटर लावला की ५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

झिरोमाईल (९.१४)
काकू, तुमच्या बॅटरीचंही थेवेनिनच आहे. आत १२.६ व्होल्ट आणि त्याच्यासोबत एक बारीकसा रेझिस्टन्स. कूलर समजा १० अँपिअर घेत असेल तर अर्ध्या व्होल्टची पडझड म्हणजे ०.०५ ओहम. थोडं पडणारच. फार खाली जायला लागली तर बॅटरीवाल्याला दाखवा. पाणी बघितलं का?

कूलर_काकू (९.१६)
कूलरमधलं की बॅटरीमधलं?

उद्या_पेपर (९.१८)
एक राहिलं सांगायचं. याच गणितात (ब) पण आहे. मधे ५ च्या जागी १५ ओहम टाकला तर करंट किती? परत सगळं पहिल्यापासून करायचं?

निवांत_मास्तर (९.२०)
हे आधी का नाही सांगितलं? त्याच्यासाठीच तर थेवेनिन करायला लावलंय. ब्रिज विसर. तुझ्याकडे आता ५ व्होल्टची बॅटरी आणि ५ ओहम एवढंच आहे. ५ भागिले (५ + १५), ०.२५.

तर्रीवाला (९.४१)
डेल्टा-स्टारने करून बघितलं. मलाही ०.२५ च आलं.

सोल्डरगन (९.४२)
एकवीस मिनिटांनी.

तर्रीवाला (९.४३)
मधे जेवलो बे.