अनुभव धागा: लॅपटॉप मिटल्यावर सांगली-साताऱ्यातले आपण काय करतो?

विश्रामबागकर
पुण्यात नऊ वर्षं काढली आणि घरून काम सुरू झालं तसा सांगलीला परत आलो. आईच्या हातचं जेवण मिळतं, नदी जवळ आहे, पण टपरीवरच्या गप्पा गेल्या. कोण प्रोग्रामिंगची कुठली भाषा शिकतंय, कुणी रात्र जागून काय बनवलं, हे तिथंच कळायचं. आपल्यासारखे कितीतरी जण इथं घरोघरी बसलेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून विचारतो, नोकरीचं काम सोडून काय वाचता, काय करता? लहानसं असलं तरी सविस्तर लिहा.

कऱ्हाडची
माझे सध्याचे रविवार एका अक्षरात जातायत. वाचनालयाची पुस्तकयादी संगणकावर घ्यायला मदत करते. 'कऱ्हाड' शोधलं की निम्मीच पुस्तकं यायची, आणि पडद्यावर तर सगळे शब्द हुबेहूब सारखे! शेवटी शब्द फोडून प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ज्या आकड्यानं ओळखतो तो) छापला. कुणी ऱ हे सबंध अक्षर टाइप केलं होतं, कुणी र खाली नुक्ता (ठिपका) दिला होता, आणि कुणी साध्या र चा पाय मोडून पुढे डोळ्याला न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर) घातला होता. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, एक होतात, तिसरा होत नाही. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली. तऱ्हा, वऱ्हाड, दऱ्या, अगदी 'साताऱ्यात'सुद्धा, सगळीकडे हीच गत. मराठी शोध ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे एकदा तपासाच, कळकळीची विनंती.

घोडा अडीच घर
बुद्धिबळासाठी आयुष्य वेचणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात, सांगलीत वाढलो, त्यामुळे बुद्धिबळ. स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला आहे, रात्री तो वाचतो. सध्या चालींचा क्रम लावण्याचा भाग चालू आहे: चांगली चाल आधी तपासली की पुढच्या कितीतरी फांद्यांकडे बघावंच लागत नाही.

नदीकाठचा
२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात ते शिरलं तेव्हा मी बंगळूरला होतो आणि फोन लागत नव्हता. ते चार दिवस डोक्यातून जात नाहीत. परत आल्यावर फावल्या वेळात एवढंच केलं: पावसाळ्यात पाणीपातळीचे आणि कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचे जाहीर झालेले आकडे गोळा करायचे, आलेख काढायचा आणि गल्लीतल्या लोकांना मेसेज पाठवायचा. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५.
पहिल्याच पावसाळ्यात फसलो. ३९ फूट १० इंच हे मेसेजमध्ये '३९.१०' असं येतं. माझ्या प्रोग्रामनं तो दशांश समजून ३९.९ पेक्षा कमी धरला. नदी चढत होती आणि आलेख उतरत होता. शेजारच्या काकांनी खिडकीतून बघून सांगितलं, "अरे, पाणी वाढतंय की." आता फूट आणि इंच वेगवेगळे साठवतो, आणि आकडा पाठवायच्या आधी काकांना फोन करतो.

शनिवारचा मिरजकर
तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात जाऊन बसतो. तार आणि घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) यांच्यामध्ये सुताचा धागा असतो. तो केसभर सरकवला की बसलेला आवाज एकदम खुलतो. असं का होतं ते बघायला पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, एफएफटी या गणिती पद्धतीनं आवाज त्यातल्या सुरांत फोडून दाखवणारा. धागा नेमक्या जागी आला की मूळ सुराच्या वरचे सूर आलेखात ताठ उभे राहतात. कारागिरांनी तो आलेख बराच वेळ निरखला, दोन प्रश्न विचारले, मग म्हणाले, "छान आहे. आता डोळे मिटा आणि धागा सरकवा." तीन महिने झाले, पाचातून एकदा जमतं. आतापर्यंत इतक्या लक्षपूर्वक मी काहीच ऐकलं नव्हतं.

यवतेश्वर घाट
सातारा. पहाटे धावणं, आणि रविवारी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) पायवाटा, पाणवठे, जुन्या विहिरी टाकणं. लिंबची बारा मोटेची विहीर सगळ्यांना ठाऊक आहे, लहान विहिरी कुठंच नोंदलेल्या नाहीत. कुणी येणार असेल तर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी भेटू.

गावभागातली
@नदीकाठचा, दादा, तुमच्या यादीत आमची गल्ली घ्याल का? मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आकडे तपासायचं काम माझ्याकडे द्या. फक्त आम्हाला ४५ ला नको, ४० च्या आधीच कळवा. आजीला वरच्या मजल्यावर न्यायला वेळ लागतो.