पिंजऱ्याला सोकावलेले उंदीर मोजणीत कसे धरायचे?

पायवाट:
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गवताळ जागेत रानउंदरांची मोजणी केली. जिवंत पकडणारे ६० पिंजरे, आत आमिष म्हणून धान्य आणि उबेला थोडा कापूस, सलग ५ रात्री. सकाळी उठून पिंजरे बघायचे, नवीन उंदीर असला की कानाला नंबरचा बारीक टॅग लावायचा, वजन घ्यायचं आणि तिथंच सोडायचा. रोज नवीन मिळाले ते असे, २०, १६, १३, १०, ८, एकूण ६७. पहिल्या ३ रात्रींत टॅग लागले ४९ जणांना, आणि शेवटच्या २ रात्रींत मिळून ५४ वेगवेगळे उंदीर आले त्यातले ३६ टॅगवाले. मग नेहमीचं सूत्र, ४९ गुणिले ५४ भागिले ३६, उत्तर साधारण ७३.

पण हा आकडा मला पटतच नाहीये. काही उंदीर रोज तेच ते येतायत, एक मादी तर पाचही सकाळी होती आणि शेवटी शेवटी तर हातात घेतली तरी धडपड करत नव्हती. आत खायला आहे, ऊब आहे आणि उजाडलं की कुणीतरी सोडतं हे तिला कळलंय असं मला अगदी वाटतं. मग मी उंदीर मोजले की त्यांची सवय मोजली? आता आकडा दुरुस्त करता येईल का की सगळं परत करायचं?

आकडेमोड:
शंका एकदम बरोबर आहे तुझी. पिंजऱ्याला सोकावलेले उंदीर हा या कामातला जुना प्रॉब्लेम आहे, आणि उलट एकदा अडकला की परत न फिरकणारे बिचकलेलेही असतात. त्या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की टॅगवाला आणि बिनटॅगचा दोघं हाती लागण्याची शक्यता सारखीच. सोकावलेले जास्त आले की टॅगवाले जास्त दिसतात, भागाकार मोठ्या संख्येनं होतो आणि उत्तर कमी येतं. बिचकले तर उत्तर फुगतं.

फ्रेडरिक लिंकन या पक्षी-अभ्यासकानं १९३० मध्ये बदकांवर हीच पद्धत वापरली तेव्हा हा घोळ फारसा नव्हता, कारण पायात वाळं घालायला पक्षी पकडले एका रीतीनं आणि दुसरा नमुना आला शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांचा. पकडण्यातून बदक जे काही शिकलं असेल त्याचा बंदुकीपुढे काय उपयोग. तुझ्याकडे दोन्ही वेळा तोच पिंजरा आणि तेच धान्य.

आता तुझे रोजचे नवीन आकडे बघ. प्रत्येक रात्री आदल्या रात्रीच्या साधारण ८० टक्के. म्हणजे जे अजून एकदाही अडकले नाहीत त्यातले रात्रीला २० टक्के पहिल्यांदा अडकतायत असं धरलं तर २० भागिले ०.२, एकूण १०० उंदीर. या हिशोबात टॅगवाले परत किती आले ते बघायचंच नाही, फक्त पहिली पकड मोजायची, त्यामुळे सोकावण्याचा त्रास नाही. आणि ताळा पण करून बघ, १०० धरले तर ३ रात्रींनंतर ५१ बिनटॅगचे उरतात, त्यातले पुढच्या २ रात्रींत आले १८ म्हणजे ३५ टक्के, आणि टॅगवाल्या ४९ मधले आले ३६, म्हणजे ७३ टक्के. दुपटीहून जास्त फरक आहे! ओटिस आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या प्रकारची मॉडेल्स नीट मांडलीत, त्यातलं वर्तनाचं मॉडेल लाव म्हणजे आकड्याबरोबर तो किती ते किती असू शकतो हेही मिळेल. परत करायची गरज नाही.

रातकिडा:
हिशोब मान्य पण १०० वर पण लगेच विसंबू नका. सगळं शिकण्यामुळेच होतंय असं नसतं, काही उंदीर मुळातच धीट असतात आणि काही बुजरे, हा स्वभावातला फरक कितीतरी जातींमध्ये मोजलेला आहे. धीट आधी आले, संपले, म्हणून नवीन कमी होत गेले असंही असेल, आणि अगदी बुजरे तर ५ रात्रींत पिंजऱ्याजवळ आलेच नसतील, मग खरी संख्या १०० च्याही वर. अजून एक, शेवटच्या रात्री किती पिंजरे भरलेले होते? सोकावलेल्यांनी आधीच जागा अडवली तर नवीन उंदीर आला तरी त्याला आत शिरायला रिकामा पिंजराच नाही.

किनारा:
थोडं बाजूचं आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, खुणेचाही विचार कर. राजा पेंग्विनच्या पंखाला धातूची पट्टी बांधून वर्षानुवर्षं अभ्यास चालायचा. २०११ मध्ये १० वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या त्यात पट्टीवाल्यांना पिल्लं ३९ टक्के कमी झालेली आणि त्यांचं जगण्याचं प्रमाणही १६ टक्के कमी होतं. पोहताना पट्टीमुळे पाण्याचा अडथळा वाढतो आणि ते बिचारं पाखरू जन्मभर ते ओझं ओढतं. वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण पट्टी त्यांच्याच भल्याच्या अभ्यासासाठी बांधलेली. आणि झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यात तर नुसत्या पायातल्या वाळ्याच्या रंगानं फरक पडतो, लाल वाळंवाले नर माद्यांना जास्त पसंत पडले, हे नॅन्सी बर्ली यांनी १९८२ मध्येच दाखवलं. म्हणून जिथं अंगावरच्या खुणा आहेत तिथं हात न लावता काम होतं ते मला सगळ्यात आवडतं. वाघाचे पट्टे घ्या, डावी उजवी बाजू सारखी नसते म्हणून दोन कॅमेरे समोरासमोर लावतात. व्हेल शार्कचे ठिपके तर ताऱ्यांचे नकाशे जुळवायला केलेल्या गणितानं ओळखतात! उंदराला तसलं काही नाही, पण दुसऱ्या फेरीला पिंजऱ्याऐवजी कॅमेरा लावता येईल की.

पायवाट:
खूप खूप आभार, सगळं वहीत उतरवलं. पिंजऱ्यांची नोंद काढली, शेवटच्या रात्री ४३ भरलेले होते, म्हणजे रिकामे होते पण एका कोपऱ्यातले सगळेच्या सगळे भरलेले, तिथं जागा नव्हती हे खरंच. आता रिपोर्टमध्ये ७३ आणि १०० दोन्ही देणार, का वेगळे आले ते सांगणार आणि रातकिडा म्हणतात ती स्वभावाची शंकाही. पुढच्या फेरीला पाठीवरचे थोडे केस कातरून खूण आणि नंतर बिनआमिषाचे कॅमेरे. चालेल ना?

आकडेमोड:
चालेल. फक्त केस परत उगवतात त्यामुळे दोन्हीमध्ये फार दिवस जाऊ देऊ नको, आणि फोटोत पाठ दिसली नाही तर तो फोटो बिनखुणेचा धरू नको, बाजूलाच काढ. ती पाचही दिवस आलेली मादी कॅमेऱ्यात किती वेळा येते ते मात्र इथं नक्की सांग.