बाबांना शुगर, घरात भाकरी विरुद्ध पोळी विरुद्ध ओट्स युद्ध, मी वैतागलेय

शेवंती_पुणे

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण वाचा प्लीज. बाबा ६४ वर्षांचे, मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ७.४ आलं, डॉक्टरांनी गोळी चालू केली, "खाण्यावर लक्ष द्या" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. आता लक्ष म्हणजे नक्की कशावर ते घरात ज्याने त्याने आपापलं ठरवलंय. आई म्हणते गहू बंद, फक्त ज्वारीची भाकरी, कारण व्हॉट्सॲपवर आलंय की गहू म्हणजे विष. भाऊ म्हणतो ओट्स आणि चिया सीड्स, तो स्वतः सहा महिने तेच खातोय आणि भेटेल त्याला सांगत सुटतो. आत्या बाबांची मोठी बहीण, तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, तिचं म्हणणं साखर काढून चहात गूळ घाला आणि तुपाने काही होत नसतं, आमचे आजोबा वाटीने तूप खाऊन नव्वदीपार गेले. बाबा गरीब, सगळ्यांनाच हो म्हणतात, त्यामुळे सकाळी ओट्स, दुपारी दोन भाकऱ्या वर तूप, चारला गुळाचा चहा आणि नाचणीची बिस्किटं, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी कारण उपवास काही सोडणार नाहीत. आणि हे सगळं रांधणारी मी एकटी. तुमच्याकडे शुगरवालं माणूस असेल तर त्याच्या ताटात रोज खरंच काय असतं ते सांगा.

शेंगाचटणी

सोलापूरकर बोलतोय, म्हणजे ज्वारीच्या बाजूनेच बोलणार. मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर भाकरीला तोड नाही, पण ताई भाकरी म्हणजे काही औषध नव्हे हो. माझ्या वडिलांना १५ वर्षं शुगर आहे, भाकरीच खायचे, शुगर काही खाली येईना. मग एक दिवस बायकोने वजनकाट्यावर पीठ मोजलं तर आमच्या एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागत होतं, म्हणजे घरच्या पातळ फुलक्यांसारखे तीन-साडेतीन फुलके एका भाकरीत! दोन भाकऱ्या म्हणजे सहा-सात फुलके, आणि वर "मी तर दोनच खाल्ल्या" म्हणायला मोकळे. तुमच्याकडची भाकरी केवढी थापता ते आधी बघा.

आकडेमोड

वरच्यांना अनुमोदन. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आहेत, त्यात बघितलं तर १०० ग्रॅम ज्वारीत फायबर साधारण १० ग्रॅम आणि न चाळलेल्या कणकेत ११, प्रोटीन दोन्हीत १० च्या आसपास. म्हणजे आईंना म्हणावं गहू विष असेल तर ज्वारी पण त्याच बाटलीतली. फरक पडतो तो मैद्याने, आणि कोंडा चाळून फेकतो त्याने. नाचणीचं मात्र वेगळं, कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, दुधापेक्षा कितीतरी जास्त, मोड आणून सत्त्व केलं तर अंगी पण जास्त लागतं. पण ती नाचणीची बिस्किटं उलटी करून मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, बरेचदा पहिला मैदा नाहीतर गहू, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी बिचारी मागे कुठेतरी. नाव तिचं, पोट भरतं मैद्याने.

तूपरोटी

आकडेवाल्यांनो, तक्त्यात बघून जेवता का? आपल्या आज्या-पणज्या तूप-गूळ खाऊन शेतात राबल्या, कुठे होती तेव्हा शुगर? तूप बंद करून रिफाइंड तेल आणलं आणि तिथून सगळा बट्ट्याबोळ झाला. गुळात लोह असतं, साखरेत काय असतं? आत्याबाईंचं बरोबर आहे.

आकडेमोड

दादा, राबल्या हा शब्द तुम्हीच लिहिलात. शेवंतीताईंचे बाबा रिटायर्ड आहेत की शेतात राबतायत ते त्यांनाच विचारा. गूळ म्हणजे पण बहुतांश सुक्रोजच, चहाच्या कपात जातो तेवढ्या गुळातून लोह मिळणार ते नावापुरतं, आणि शुगर साखरेइतकीच वर जाणार. तुपाशी माझं भांडण नाही, वरणभातावर एक छोटा चमचा मी पण घेतो. पण मोठा चमचा म्हणजे १३० च्या आसपास कॅलरी, त्यातली निम्म्याहून जास्त चरबी सॅच्युरेटेड. २०२४ च्या त्याच संस्थेच्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या आहाराला दिवसभराचं फोडणीचं आणि वरून घातलेलं तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे वाटी तर सोडाच.

जर्सीतली_मावशी

मी न्यू जर्सीत, नवऱ्याला शुगर, ओट्स इथे ढिगाने मिळतात म्हणून सांगते, ओट्स वाईट नाहीत पण ते मसाला ओट्सचं पाकीट नको, त्यात मीठ भरपूर. साधे जाड ओट्स आणून त्यात गाजर मटार घालून उपम्यासारखे करा. आणि नाही आवडले तर नका करू गं, बाबांनी आयुष्यभर पोहे खाल्लेत, त्यांना कशाला चिया गिळायला लावता. पोहेच करा, फक्त पोहे मूठभर कमी आणि मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी जास्त.

रानभाजी_प्रेमी

एवढा वेळ सगळे धान्यावरच भांडताय! ताई तुमच्या पोस्टमध्ये ओट्स, भाकरी, बिस्किटं, साबुदाणा सगळं आलं, पण उसळ आणि भाजी कुठे दिसली नाही मला. ती असेल कदाचित, लिहिली नसेल, पण कोणीच तिच्यावरून भांडत नाही यातच सगळं आलं. माझ्या सासूबाईंचं आम्ही असं केलं की आधी ताटात भाजी आणि उसळ वाढायची, ती अर्धी संपली की मगच भाकरी. पहिले आठ दिवस चिडल्या, "मला काय गुरंढोरं समजता का, पाला घालताय". मग तांदुळजा, चाकवत, अंबाडी असं त्यांच्या माहेरचं आणायला लागले, लसणाची फोडणी देऊन, तर आता स्वतः मंडईत जाऊन निवडतात. वरच्या त्याच मार्गदर्शनात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम सांगितलीत, जरा मोजून बघा घरात किती होतं, आमच्याकडे निम्मंसुद्धा होत नव्हतं. बाकी जवसाची, कारळ्याची चटणी, पिठलं, ताक, अंडी चालत असतील तर अंडी, हे सगळं आहेच.

साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, प्रोटीन नाहीच जवळजवळ. तो कंद मूळ दक्षिण अमेरिकेतला, आपल्या उपवासात कसा घुसला देव जाणे. दत्तगुरूंना राजगिऱ्याचं थालीपीठ पण चालतं की! सोबत दही आणि काकडी. भगर करणार असाल तर थोडीच आणि आमटी जास्त.

आणि एक, गोळी कोणती आहे ते बघा. ग्लिमेपिराइडसारखी असेल तर उपाशी राहणं किंवा भात-पोळी एकदम तोडणं नको, शुगर धाडकन खाली येते. आमच्याकडे एकादशीला पहाटे घाम फुटून झालाय हा प्रकार, तेव्हा डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला.

शेवंती_पुणे

बापरे, एवढं सगळं! मोजलं आज. भाकरी ९० ग्रॅम पिठाची निघाली, आई काटा बिघडलाय म्हणाली, मग साखरेचं एक किलोचं पाकीट ठेवून दाखवलं तेव्हा गप्प बसली. बिस्किटात नाचणी १२ टक्के, पहिला घटक मैदा. गोळी ती नाहीये, मेटफॉर्मिन आहे, तरी गुरुवारचं डॉक्टरांना फोन करून विचारते. उद्यापासून एक लहान भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, बाबा हो म्हणालेत, ते कशालाही हो म्हणतात म्हणा. गुळाच्या चहाचं आत्याला कोण सांगणार एवढंच राहिलंय, रविवारी येतेय ती.

शेंगाचटणी

ती असेपर्यंत बिनगोडाचा चहा तुम्हीच आतून करून आणा, कपात काय आहे ते कोण बघतंय.