मदत हवी आहे: बाबांची चाल मंदावली आहे, वेग नेमका कसा मोजायचा आणि कोणाला दाखवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, राळेगाव तालुका. बाबा ७१ वर्षांचे. मागच्या दिवाळीपर्यंत वावरात जाताना माय मागं राहायची अन् बाबा धुऱ्यावर तिची वाट पाहत थांबायचे. आता माय थांबते. पऱ्हाटीच्या तासातून चालताना त्यांची पावलं आखूड पडतात, बंडीत चढताना हात द्यावा लागतो. विचारलं तर "काही दुखत नाही" एवढंच म्हणतात.

जवळच्या डॉक्टरांनी वयोमान म्हणून टॉनिक दिलं. मला ते पटलं नाही. उतारवयात चालण्याचा वेग रक्तदाबाइतकाच महत्त्वाचा धरतात असं वाचलं. ३४ हजारांवर ज्येष्ठांच्या नोंदींचा एक अभ्यास २०११ साली आला होता, त्यातही हळू चालणाऱ्यांचं आयुर्मान कमी दिसलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

म्हणून अंगणात टेपनं ४ मीटर मोजून चुन्याच्या रेघा मारल्या. चाल लागायला अलीकडे अन् थांबायला पलीकडे थोडी जागा सोडली. पण "बाबा, चाला" म्हटलं की ते ताठ होऊन भराभर निघतात. साडेचार सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.८९ मीटर. त्यांच्या नकळत, रांजणाकडे पाणी प्यायला जाताना मोजलं तर सहा सेकंद, म्हणजे ०.६७. युरोपातले तज्ज्ञ ०.८ किंवा त्याहून कमी वेग धोक्याचा मानतात. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ६ मीटरच्या चालीसाठी सेकंदाला १ मीटरची मर्यादा ठरवली, त्या हिशेबानं तर दोन्ही आकडे कमीच.

नेहमीच्या चालीनं मोजायचं असतं हे ठाऊक आहे, पण सांगितल्यावर त्यांची नेहमीची चाल राहतच नाही. मग कोणता आकडा धरू? अंगण सारवलेलं आहे, थोडं उंचसखल, अन् बाबा अनवाणी चालतात. शाळेच्या फरशीवर चपला घालून परत मोजू का?

दुसरं म्हणजे, सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलंय. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवू, मेडिसिनला की मेंदूच्या? साखर आहे, गोळी सुरू आहे. तळपाय बधिर होतात असं मायला एकदा म्हणाले होते, माझ्यापाशी कबूल करत नाहीत. बी-१२, थायरॉइड इथंच तपासून रिपोर्ट सोबत नेले तर एक चक्कर वाचेल का? कापूस वेचणी तोंडावर आहे, त्याआधी जायचं आहे. घरात कोणाचं असं झालं असेल तर कृपया सांगा.