वेस्टर्न खोगिराच्या बैठकीवरील नक्षी ताणात टिकवण्यासाठी कामाचा क्रम कसा ठेवावा?

नमस्कार. मी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका अनुभवी कारागिराकडे खोगिरे घडवण्याचे काम शिकतो. लगाम, कमरपट्टे आणि रिकिबींचे पट्टे करून झाल्यावर आता पहिले संपूर्ण वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉय पद्धतीचे, खोगीर हाती घेतले आहे. बैठकीचे चामडे कापण्यापूर्वी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

खोगिराचा सांगाडा लाकडी असून त्यावर कच्चे कातडे मढवलेले आहे. त्यावर गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि कडा तासलेले चामड्याचे थर चढवून बैठकीचा आकार साधला आहे. वरचे चामडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले, १३ ते १५ औंसांचे, म्हणजे सुमारे ५ ते ६ मिलिमीटर जाडीचे आहे. ते भिजवून, ओढून आणि दाबून सांगाड्यावर बसवावे लागते, आणि त्या वेळी कँटलच्या (बैठकीच्या मागच्या उंच कडेच्या) खोलगट भागात व फोर्कच्या (सांगाड्याच्या पुढच्या उंच भागाच्या) बुंध्याशी त्याला सर्वाधिक ताण पडतो. माझी नक्षी नेमकी याच दोन भागांच्या कडेने जाते. स्वार बसतो तो मधला भाग मी साधाच ठेवणार आहे; तेथील फुले घर्षणाने झिजणारच, शिवाय बैठकीच्या सोयीपेक्षा शोभा मोठी ठरू नये असे मला वाटते.

नक्षी शेरिडन पद्धतीची आहे. वायोमिंगमधील शेरिडन गावच्या डॉन किंग यांच्या कामामुळे ही शैली नावारूपाला आली. तिच्यात लहान फुले एकमेकांत गुंफलेल्या वर्तुळाकार देठांमध्ये बसवलेली असतात, त्यामुळे एक वर्तुळ लंबगोल झाले तरी शेजारच्या सगळ्या वेलीचा ओघ बिघडतो.

चामडे सपाट असतानाच कोरले, तर पुढे ते पूर्ण भिजवून ओढताना ठशांनी दाबलेले तंतू पुन्हा फुगतात, उठाव मंदावतो आणि स्विव्हल नाईफने (बोटांत फिरणाऱ्या कोरण्याच्या सुरीने) घेतलेल्या रेघा ताणाच्या दिशेने उघडतात. याउलट, सांगाड्यावर बसवूनच कोरायचे म्हटले, तर ठशाखाली ग्रॅनाइटच्या शिळेसारखा कठीण आधार मिळत नाही आणि हातोडीचा घाव मुरून जातो. माझे गुरुजी मधला मार्ग सांगतात: चामडे आधी ओले बसवून वाळू द्यावे, नक्षीच्या सीमा आखाव्यात, मग ते काढून फक्त नक्षीचा भाग ओलावून कोरावे आणि किंचित दमट असताना पुन्हा बसवावे. मला हाच क्रम योग्य वाटतो, परंतु त्यातील दोन गोष्टी अजून उलगडलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे ठोकल्यामुळे चामडे पसरते. रिकिबीच्या रुंद पट्ट्यांसारख्या सपाट तुकड्यांना मागून चिकटपट्टी लावून हे पसरणे रोखता येते, पण एकदा कँटलचा खोलगट आकार घेतलेले चामडे शिळेवर सपाट टेकत नाही आणि बळाने टेकवले तर आकार मोडतो. अशा भागाखाली आपण कशाचा आधार देता? दुसरी गोष्ट रेघेच्या खोलीची आहे. सपाट कामात मी जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल रेघ घेतो. ताणाच्या भागात ती उथळ ठेवून उठाव बेव्हलरच्या (रेघेची एक बाजू उतरती दाबणाऱ्या ठशाच्या) दाबानेच साधावा का, की त्यामुळे सावलीची धार जाते?

येथे कोल्हापुरी चपलांचे काम जवळून पाहिलेले किंवा स्वतः केलेले कोणी असल्यास त्यांना आणखी एक विनंती आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडेही वनस्पतिजन्यच असते. त्यावर ठसे उमटवताना चामड्यात ओल किती ठेवतात, आणि ती पुरेशी झाली हे हाताला कसे कळते? आमच्याकडे कोलोरॅडोत चामड्याचा मूळ फिका रंग परत दिसू लागला, पण स्पर्शाला ते अजून गार लागत असले, की कोरण्याची वेळ झाली असे मानतात. उत्तर देताना आपल्या चामड्याची जाडी आणि कमावण्याची पद्धत कृपया लिहावी, कारण पातळ किंवा क्रोमने कमावलेल्या चामड्याचा अनुभव या कामाला जसाच्या तसा लागू पडणार नाही.